ट्रायपॉड लावूनही फोटो हलतोच: दोष शोधायचा कसा आणि बदलायचं काय

तक्रार नेहमीची आहे. वांद्र्याच्या किल्ल्यावरून सी-लिंकचे दिवे, आठ सेकंदांचं एक्स्पोजर, दोन सेकंदांचा टायमर, कॅमेऱ्याला कुणाचा हात नाही. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर बघितलं की प्रत्येक दिव्याला शेपूट. मग कुणीतरी सांगतं, ट्रायपॉड फालतू आहे, दणकट घे. दणकट घेतला जातो, खोक्यावर ‘१० किलो’ छापलेलं असतं, आणि महिन्याभराने तक्रार पुन्हा तीच.

खोक्यावरचा तो आकडा मुळात ह्या प्रश्नाचं उत्तर नाही. इतकं वजन ठेवलं तर पाय घसरणार नाहीत, हेड (पायांवर बसणारा, कॅमेरा धरणारा भाग) झुकणार नाही, एवढंच तो सांगतो. स्टँड वाऱ्याने किती वळतो आणि एकदा हलला की किती वेळात थांबतो, हे त्यातून कळत नाही. शिवाय हे वजन मोजायची सगळ्या कंपन्यांची मिळून एक पद्धत नाही, त्यामुळे दोन खोक्यांवरच्या आकड्यांची तुलनाही फुकट. प्रश्न किती बारीक आहे ते बघा: २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर एक पिक्सेल साधारण ०.००६ मिमीचा असतो. २०० मिमी लेन्स लावली असेल, तर एक मीटर लांबीची पट्टी टोकाला ०.०३ मिमी सरकेल इतका कॅमेरा वळला तरी चित्र एक पिक्सेल सरकतं. साध्या कागदाची जाडी ०.१ मिमीच्या आसपास असते. म्हणजे डोळ्यांना जे स्टँड ‘घट्ट’ दिसतं ते लेन्सला घट्ट असेलच असं नाही.

खर्च करायच्या आधी दोष कुठे आहे ते काढा. बऱ्याचदा तो दोनशे रुपयांच्या आत सुटणारा निघतो.

आधी घरात एक चाचणी

भिंतीवर कालनिर्णयाचं पान चांगल्या उजेडात लावा. पाच-सहा मीटरवर ट्रायपॉड ठेवा. हॉल पुरत नसेल तर बिल्डिंगचा पॅसेज वापरा. तुमच्याकडची सगळ्यात लांब लेन्स लावा, तिथीची बारीक अक्षरं फ्रेमच्या मध्यभागी आणा, लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं थेट चित्र) पूर्ण मोठा करून हाताने फोकस करा आणि नंतर त्याला हात लावू नका. टायमर दहा सेकंदांवर ठेवा, दोनवर नको. कमजोर ट्रायपॉड दोन सेकंदांत शांत होतच नाही. पंखा बंद. कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवा.

आता फोटोचा उजेड सारखा राहील असे आयएसओ आणि ॲपर्चर बदलत तीन फोटो काढा: १/५०० सेकंद, १/१५ सेकंद आणि २ सेकंद. प्रत्येकाचे तीन-तीन काढा, एकावर विसंबू नका.

१/५०० चाच फोटो मऊ, म्हणजे अस्पष्ट आला, तर ट्रायपॉडचा काही संबंध नाही. फोकस चुकला आहे, लेन्समध्ये दोष आहे किंवा बुरशी धरली आहे. मुंबईच्या हवेत ही शेवटची शक्यता धरून चालायची असते. टॉर्च मारून लेन्सच्या आत बघून घ्या.

१/५०० स्वच्छ, २ सेकंदही जवळपास स्वच्छ, पण १/१५ ला अक्षरं वरखाली दुहेरी दिसताहेत? हा धक्का कॅमेऱ्याच्या आतून येतो आहे. डीएसएलआरचा आरसा उडतो तेव्हा बसणारा हादरा काही क्षणच टिकतो. दोन सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये तो नगण्य ठरतो, १/१५ मध्ये मात्र सगळं एक्स्पोजरच त्या हादऱ्यात होतं. मिरर लॉक-अप (आरसा आधीच वर उचलून ठेवणारी सोय) लावा किंवा लाइव्ह व्ह्यूमधून काढा. एक्स्पोजर डिले (शटर थोडं उशिरा उघडणारी सोय) असेल तर तो वापरा. मिररलेसमध्ये आरसा नसला तरी यांत्रिक शटरचा पहिला पडदा असतो, आणि त्याचा त्रास साधारण १/६० ते १/२५० च्या पट्ट्यात जाणवतो. मेनूमध्ये इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (त्या पहिल्या पडद्याऐवजी सेन्सरनेच सुरुवात करणं) चालू केलं की प्रश्न मिटतो, खर्च शून्य.

तिन्हीत २ सेकंदांचा फोटोच सगळ्यात वाईट आला, तर स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर दुरुस्त करणारी सोय) चालू राहिलं आहे का ते पाहा. काही जुन्या लेन्सना ट्रायपॉडवर आहोत हे कळतच नाही. त्या नसलेली थरथर दुरुस्त करत बसतात आणि चित्र हळूहळू वाहवतं. ते बंद करून पुन्हा चाचणी घ्या. तरीही शेपूट राहिलं, तर आता खरोखर ट्रायपॉडकडे वळायचं.

नेमका सांधा शोधणे

लाइव्ह व्ह्यू मोठाच ठेवा आणि लेन्सच्या टोकावर बोटाने हलकी टिचकी मारा. अक्षरं थरथरतील. एका सेकंदाच्या आत स्थिर झाली तर ठीक. तीन-चार सेकंद डुलत राहिली तर कुठेतरी सांधा ढिला आहे किंवा नळी बारीक आहे. आडवी टिचकी आणि उभी टिचकी वेगवेगळ्या मारून बघा. आडव्या दिशेत जास्त वेळ डुललं तर पॅनचा (हेड आडवं फिरवणारा) सांधा, प्लेट (कॅमेऱ्याच्या बुडाला लावायची पट्टी) किंवा सेंटर कॉलम (मधला, वर ओढता येणारा दांडा) संशयित, उभ्या दिशेत डुललं तर लेन्सचा पाया किंवा बॉल (हेडमधला फिरणारा गोळा).

मग अंगठ्याचं नख एका सांध्यावर असं ठेवा की अर्धं वरच्या भागावर आणि अर्धं खालच्या भागावर येईल. दुसऱ्या हाताने लेन्स हलकेच डावी-उजवीकडे दाबा. दोन भागांत केसभर जरी फरक पडत असेल तरी नखाला तो सरळ कळतो, डोळ्याला दिसला नाही तरी. खालून वर जा: रबरी पाऊल, पायाच्या भागांमधला प्रत्येक लॉक, पायाचा वरचा बिजागर, कॉलमची कॉलर, हेडचं बूड, पॅनचा सांधा, बॉल, क्लॅम्प (हेडवर प्लेट धरणारा जबडा), प्लेट, कॅमेऱ्याचं बूड. दहा मिनिटांचं काम आहे आणि ह्यातूनच पुढचा सगळा निर्णय होतो.

सापडलेले दोष आणि त्यांचे इलाज

सगळ्यात जास्त वेळा दोष प्लेटमध्ये सापडतो. कॅमेऱ्याच्या बुडाशी असतो तो १/४ इंची, इंचाला २० आट्यांचा स्क्रू. डी-रिंग, म्हणजे स्क्रूची कडी, नुसती बोटांनी आवळणं पुरेसं नसतं. नाण्याने किंवा ॲलन कीने शेवटचा पाव फेरा द्यावा लागतो. जोर मात्र बेताचा, कॅमेऱ्याच्या बुडाचे आटे गेले तर ते महागात पडतं. प्लेटवर जाड रबर किंवा कॉर्क असेल तर तो दबत राहतो आणि कॅमेरा त्याच्यावर डुलतो. अशी प्लेट काढून टाका आणि सपाट धातूची, मागच्या बाजूला कडा असलेली घ्या. ती कडा कॅमेऱ्याला फिरू देत नाही. उभी फ्रेम घेताना कॅमेऱ्याचं वजनच त्या स्क्रूला सोडवत असतं, म्हणून इमारतींचे उभे फोटो नेहमी काढणाऱ्यांनी एल-ब्रॅकेट (कॅमेऱ्याच्या बुडाला आणि बाजूला बसणारी L आकाराची प्लेट) घ्यावं. आमच्या मते सगळ्या खरेदीत सर्वात कमी पैशांत सर्वात जास्त फरक पाडणारी वस्तू तीच.

आर्का पद्धतीच्या (कडांना तिरकी खाच असलेल्या) प्लेटची रुंदी ३८ मिमीच्या आसपास असते, पण हे काटेकोर प्रमाण नाही. लिव्हरचा क्लॅम्प एका कंपनीच्या प्लेटला चपखल बसतो आणि दुसरीच्या प्लेटला सैल पडतो किंवा मिटतच नाही. स्क्रूचा क्लॅम्प हळू उघडतो, पण सगळ्यांना धरतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्लेट जमा झाल्या असतील तर स्क्रूचाच घ्या. मॅनफ्रोटोची जुनी २००पीएल प्लेट आर्का क्लॅम्पमध्ये बसत नाही. तिकडून इकडे येताना सगळ्या प्लेट बदलायचं बजेट आधीच धरा.

७०-२०० मिमी किंवा त्याहून मोठी लेन्स कॅमेऱ्याच्या बुडावरून लावली असेल तर बाकी काही तपासूच नका. आधी लेन्सची कॉलर (लेन्सभोवती बसणारं, खाली पाय असलेलं कडं) लावा आणि ती ट्रायपॉडवर बसवा. कॉलरचा लांबुळका, पोकळ पायच लवतो असंही होतं. त्याजागी आखूड, आर्का खाचेचा पाय मिळत असेल तर तो बदलावा. टॅमरॉनच्या १५०-६०० जी२ लेन्सला ही खाच मुळातच दिलेली आहे, प्लेट वेगळी लागत नाही.

हेड पायांवर सैल फिरतंय ही तक्रारही कायमची. पॅन घट्ट असताना कॅमेरा उलट्या दिशेने वळवला की हेड त्याच्या ३/८ इंची बोल्टवरून सुटायला लागतं. इलाज: पॅनचं कुलूप लावा, हेडला बुडाशी दोन्ही हातांनी धरून घड्याळाच्या दिशेने पक्कं आवळा, मगच खालच्या प्लेटमधले ग्रब स्क्रू (डोकं नसलेले बारीक स्क्रू) ॲलन कीने थोडेथोडे, आळीपाळीने बसवा. हेड पूर्ण बसायच्या आधी ग्रब स्क्रू आवळले तर ते हेडला उचलून धरतात आणि फट राहते. तरीही सुटत असेल तर बोल्टच्या आट्यांवर निळ्या रंगाच्या थ्रेडलॉकरचा (आटे सुटू न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब. लाल नको, तो पुढे तापवल्याशिवाय सुटत नाही. हेडचं भोक ३/८ चं आणि ट्रायपॉडचा बोल्ट १/४ चा म्हणून मधे पितळेचं बुश घातलं असेल, तर तोच कच्चा दुवा समजा.

फ्रेम लावून बॉल लॉक केला की चित्र किंचित खाली बसतं. थोडं बसणं हे बहुतेक बॉलहेडमध्ये असतंच. फ्रेम किंचित वर लावायची सवय करून घेता येते. पण लॉक केल्यावर पाच मिनिटांनीही खाली सरकत असेल तर बॉलवर तेलकट थर आहे किंवा हेड त्या लेन्सला छोटं पडतंय. बहुतेक बॉल कोरडेच चालायचे असतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या कापडाने बॉल सगळीकडून पुसा. मशीनचं तेल, डब्ल्यूडी-४० वगैरे त्यावर मारू नका. ‘जाम झालंय’ म्हणून स्प्रे मारलेली हेड नंतर कशानेच धरत नाहीत.

पायांचे दोष त्यामानाने सोपे. फ्लिप लॉक (खटक्याचा) सैल झाला तर त्याच्या कडेच्या नटाला किंवा ॲलन स्क्रूला पाव फेरा द्या, बंद करताना नीट दाब लागला पाहिजे. ट्विस्ट लॉक (पिळून आवळायचा) कितीही आवळला तरी पाय फिरतो किंवा खाली जातो, तर आतल्या शिम (प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या) झिजल्या आहेत किंवा उलट्या बसल्या आहेत. पायाचा वरचा बिजागर तपासायला ट्रायपॉड उचला आणि एक पाय आडवा करा: सोडल्यावर तो स्वतःच्या वजनाने धपकन पडता कामा नये. पडत असेल तर तिथला बोल्ट आवळा, तिन्ही पायांना सारखा.

आणि सेंटर कॉलम. तो वर काढला की तीन पायांवर उभी असलेली वस्तू एका काठीवर उभी राहते. नळीचं वाकणं लांबीच्या घनाने वाढतं, म्हणजे २४ सेंमी वर काढलेला कॉलम १२ सेंमीवर आणला तर तो आठपट कमी वाकतो. फोटो हलण्याचा सगळ्यात स्वस्त इलाज हाच: कॉलम पूर्ण खाली, आणि उंची कमी पडली तर वाकून बघा. पाय लांबवतानाही आधी वरचे जाड भाग काढावेत, सगळ्यात खालचा बारीक भाग शेवटी.

ट्रायपॉड चांगला, जागा वाईट

मुंबईत अर्धे दोष जमिनीत असतात. स्कायवॉक आणि रेल्वेचे पादचारी पूल लोखंडी सांगाड्यावर असतात. माणूस चालला की ते थरथरतात आणि त्यावर कुठलाही ट्रायपॉड लावला तरी तोही थरथरणार. गर्दी ओसरेपर्यंत थांबा, खांबाच्या जवळ उभे राहा, किंवा आठ सेकंदांचा एक फोटो काढण्याऐवजी एकेक सेकंदाचे आठ काढून नंतर एकत्र करा. गच्चीवर लिफ्टच्या मशीन रूमपासून आणि पाण्याच्या पंपापासून लांब, खालच्या तुळईच्या रेषेत उभं राहावं. सीएसएमटीच्या समोरच्या फुटपाथवर बसगाड्या जातात तेव्हा जमिनीचा हादरा पायांतून वर येतो. सिग्नल लाल असताना शटर दाबा.

मरीन ड्राइव्हला आणि वरळीला वैरी एकच, वारा. ट्रायपॉड कठड्याच्या आडोशाला बसका लावा, लेन्सचं हूड काढा, पट्टा काढा, आणि स्वतः वारा येतो त्या बाजूला उभे राहा. कॉलमच्या हुकाला बॅग लटकवायचा सल्ला सगळे देतात, पण हवेत लोंबणारी बॅग झोके घेते आणि कॅमेऱ्याला सोबत झुलवते. बॅग जमिनीला टेकलेली आणि दोरी जेमतेम ताणलेली हवी. जुहूच्या वाळूत पाय दाबून आत रोवा आणि पाच मिनिटं थांबा. वाळू बसते तसा कॅमेरा झुकतो. लाटेच्या हद्दीत उभं केलं तर प्रत्येक लाट पायांखालची वाळू ओढून नेते, तिथे कुठलंही हेड कामाचं नाही.

शिवडीच्या चिखलाकडे रोहित टिपायला जाणाऱ्यांनी दुपारी उठणाऱ्या लहरींना ट्रायपॉडचा दोष समजू नये. तापलेल्या चिखलावरची हवा थरथरते, त्याला इलाज एकच, सकाळ लवकर. ऐरोलीच्या खाडीत बोटीवरून काढत असाल तर ट्रायपॉड घरीच ठेवा. बोट स्वतःच हलते आहे, तिथे बीनबॅग आणि वेगवान शटर.

बदलायचंच ठरलं तर

नळीचा व्यास आधी बघा. भिंतीची जाडी सारखी असेल तर नळीचा ताठपणा व्यासाच्या घनाने वाढतो: वरची नळी २२ मिमीऐवजी २८ मिमी घेतली की तो दुप्पट होतो. पण खरी मेख सगळ्यात खालच्या भागात असते. २८ पासून सुरू होणारा चार भागांचा पाय साधारण २८, २५, २२, १९ असा उतरतो, आणि तोच तीन भागांचा असेल तर २२ वर थांबतो. पाच भागांचा ‘ट्रॅव्हल’ ट्रायपॉड खाली पेन्सिलीएवढा होतो. लोकलने फिरणाऱ्याला घडी ५०-५५ सेंमीच्या आत हवी असते हे खरं, पण त्यासाठी पाच भाग नकोत. ३२ पासून सुरू होणारा चार भागांचा घ्या, शेवटची नळी २२ वर राहते.

उंचीचा हिशोब कॉलम न धरता करा. माणूस १६५ सेंमी असेल तर डोळा साधारण १५३ वर येतो. हेडचे १० आणि कॅमेऱ्याच्या बुडापासून व्ह्यूफाइंडरपर्यंतचे ९ वजा करा, उरले १३४. पायांनी एवढी उंची स्वतः गाठली की कॉलमची गरज नाही. कॉलम नसलेलाच ट्रायपॉड मिळाला तर उत्तम.

कार्बन की ॲल्युमिनियम? रोज खांद्यावर वाहायचा असेल तर कार्बन: हलका, आणि थरथर लवकर शमवणारा. बजेट तोकडं असेल तर त्याच पैशांत बारीक नळीच्या कार्बनपेक्षा जाड नळीचं ॲल्युमिनियम केव्हाही बरं.

हेडचं काम ठरवून हेड घ्या. ७०-२०० पर्यंतच्या सर्वसाधारण वापराला ३६ ते ४० मिमी व्यासाचा बॉल पुरतो. त्याहून जड लेन्सना ४४ किंवा ५४. फोर्टातल्या दगडी इमारती सरळ रेषेत काढायच्या तर गिअर हेड (प्रत्येक दिशा वेगळ्या चाकाने हळूहळू वळवणारं); बॉलने एक बाजू सरळ करताना दुसरी बिघडते. १५०-६०० ने पक्षी टिपायचे तर बॉलहेड कितीही मोठं असलं तरी गिंबल (जड लेन्स तोलून धरणारं, सहज फिरणारं हेड) घ्या. ते बसवताना सगळे स्क्रू ढिले करून आधी लेन्स पुढेमागे सरकवा, जोवर ती हात सोडून आडवी राहत नाही. मग लेन्स तिरकी करून सोडा: आणखी खाली पडत गेली तर लेन्स अक्षापेक्षा उंच बसली आहे, खाली घ्या, परत वर येऊ लागली तर थोडी उचला. जिथे ठेवाल तिथे राहायला लागली की जमलं. व्हिडिओला फ्लुइड हेड (आतल्या दाट द्रवामुळे संथ फिरणारं), त्याला पर्याय नाही.

खरेदीला सीएसएमटीजवळ बोरा बाजारच्या बाजूला कॅमेऱ्यांच्या दुकानांत जाणार असाल तर स्वतःचा कॅमेरा आणि सगळ्यात जड लेन्स सोबत न्या. दुकानात ट्रायपॉड कॉलमशिवाय पूर्ण लांबवा, वरची प्लेट दोन्ही हातांनी धरा आणि बरणीचं झाकण उघडावं तशी पिळा. पाय किती वळतात ते तिथेच दिसतं, आणि दोन मॉडेल शेजारी ठेवून पिळली की दुकानदाराच्या बोलण्याची गरज उरत नाही. मग लेन्स लावून टिचकीची चाचणी. शिम, रबरी पावलं आणि क्लॅम्पचे स्क्रू सुटे मिळतात का ते विचारा. मिळत नसतील तर तो ट्रायपॉड दोन पावसाळ्यांपुरताच धरा. जुना घेत असाल तर पाय पूर्ण खोलून सांध्यांवर पांढरी भुकटी दिसते का बघा. ती ॲल्युमिनियमची गंज आहे.

सगळं एकदम बदलता येत नसेल तर क्रम असा: प्लेट किंवा एल-ब्रॅकेट, मग कॉलर आणि तिचा पाय, मग जिथे नखाला हालचाल लागली तो भाग. नखाला कुठेच काही लागलं नाही आणि तरीही डुलतंय, तर नळ्याच बारीक आहेत. तेव्हाच पाय बदला.

खाऱ्या पाण्यानंतर

कार्बनची नळी गंजत नाही, पण तिच्याभोवतीचे ॲल्युमिनियमचे भाग खाऱ्या पाण्यात साध्या ट्रायपॉडपेक्षा लवकर गंजतात, कारण कार्बन आणि ॲल्युमिनियम एकत्र मिठाच्या पाण्यात भिजले की छोटी बॅटरीच तयार होते. म्हणून किनाऱ्यावरून आल्यावर पाय मिटवून ठेवू नका. त्याच रात्री सगळे भाग ओढून गोड्या पाण्याखाली धरा, हेड मात्र ओल्या कापडाने नुसतं पुसा. ट्विस्ट लॉक असतील तर अधूनमधून पूर्ण खोला: सगळ्यात खालच्या भागापासून सुरुवात, प्रत्येक पायाचे भाग वेगळ्या वर्तमानपत्रावर, आणि शिम कुठल्या बाजूने बसल्या होत्या त्याचा मोबाइलवर फोटो. वाळू जुन्या टूथब्रशने काढा. ग्रीस फक्त लॉकच्या आट्यांवर, पातळ थर, नळीवर अजिबात नाही. तिथे लागलं की लॉक धरत नाही आणि वाळू चिकटते. पावसाळ्यात रात्रभर पंख्याखाली लांबवूनच ठेवा. सकाळी नळी उलटी केल्यावर आतून पाण्याचा थेंब पडला तर आणखी एक दिवस तसाच.